तिसऱ्याचा काटा

धनाजी पिठाची पिशवी उचलायला वाकला आणि त्याच्या शर्टाची कॉलर पुढं लोंबली. एवढंच झालं. पण मोबाईलच्या पडद्यावर, तिकडं लांब सेलमच्या खोलीत, ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात, इकडं साताऱ्यात बसलेल्या वीरधवलला कॉलरच्या आतली धनाजीच्या गळ्याखालची दोन हाडं दिसली. हाडांच्या वर दोन खड्डे. पाणी ओतलं असतं तर साठलं असतं एवढे. धनाजी सरळ झाला, कॉलर जागेवर गेली, तो काट्यावर चढला आणि हसला. "बघितलास न्हवं? मग मोठ्यानं वाच की रं आकडा!" वीरधवलनं वाचला. रविवारी सकाळी समोरच्याचा आकडा मोठ्यानं वाचायचा, असा नियमच होता. मग त्यानं ग्रुपवर टाकलं, 'धनाजी, समोर वजन केलं, बरोबर आहे,' आणि फोन ठेवून मोरीत तोंड धुवायला गेला. तोंडावर पाणी मारल्यावर त्याला आठवलं की तोंड मगाशीच धुतलंय.

ग्रुपचं नाव 'हलकं होऊया'. ह्या नावाचासुद्धा वीरधवलला राग यायचा. होऊया म्हणे. सगळी गलाईवाल्यांची घरं. जुनं सोनं भट्टीत वितळवून, तेजाबात धुऊन, चोख करून द्यायचं हे काम, आणि त्यापायी विट्याच्या आजूबाजूची निम्मी गावं देशभर पांगलेली. कुठल्याही शहरात सराफगल्ली बघा, एखाद्या जिन्याखाली एक भट्टी, एक काटा, एक गादी आणि खानापूर तालुक्यातला एक माणूस सापडणारच. गादीवर बसून बसून बाप्ये सुटतात. वरच्या माळ्यावर, भाषा न कळणाऱ्या गावात, दाराला कडी लावून बसलेल्या बायका सुटतात. त्रिचूरच्या स्वप्नाली वहिनींनी ह्या सगळ्यांची मोट बांधली होती. वीरधवल साताऱ्यातच, मोती चौकाजवळच्या गल्लीत मामाच्या दुकानात बसायचा. म्हणजे परदेशी नव्हताच. पण सुटला सगळ्यांपेक्षा जास्त होता. एका पोरीनं नकार दिला. कारण कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं. मग आईनं कुणाकडून तरी त्याला ग्रुपात घालून घेतलं.

सकाळी सहापासून सुरू. उगवता सूर्य, सूर्याच्या पोटात गणपती, खाली लिहिलेलं, 'निश्चय हीच खरी ताकद'. मग जिऱ्याचं पाणी. मग भिजवलेले बदाम, बशीत ओळीनं, जसे काय कवायतीला उभे. मग हुबळीच्या राजेश्वरी काकींचा फोटो, साबुदाण्याचे वडे, तुपात तळलेले, आणि खाली 'उपवासाचं हलकं'. त्यावर बावीस जणांचे टाळ्यांचे पंजे. एकदा वीरधवलला राहवलं नाही. त्यानं लिहिलं, 'काकी, हे हलकं असलं तर जड कशाला म्हणायचं तेवढं सांगून ठेवा.' चार जण हसले. मग हसणाऱ्यांनी आपापले हसरे चेहरे पुसले. काकी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि वीरधवलचं नाव 'कारलं' पडलं. त्याला आवडलं ते नाव. ह्या साखरेच्या पाकात कुणीतरी कडू पाहिजेच, असं त्याला वाटायचं. तो बदाम मोजायचा नाही, गणपतीला हात जोडायचा नाही, कुणी 'आज मोह झाला पण मी जिंकले' असं लिहिलं की त्याला मळमळायचं. खा की बाई. मोह कसला, भजी होती ती.

पण एक गोष्ट होती, आणि तिच्यावर त्याला काही कडू सुचायचं नाही. रविवारचं वजन. गलाईच्या धंद्यात पाठीमागं केलेलं वजन हे वजनच नसतं. गिऱ्हाईक समोर उभं पाहिजे. आधी काटा शून्यावर दाखवायचा, मग ठरलेला बाट, म्हणजे वजनाचं माप, ठेवून काटा खरा आहे हे दाखवायचं, मग माल. स्वप्नाली वहिनींनी तोच कायदा इथं लावला. नुसता आकडा लिहिलेला चालणार नाही, काट्याचा फोटोही चालणार नाही. जोड्या लावल्या. व्हिडिओ कॉल लावायचा, फोन भिंतीला टेकवायचा, काटा शून्य दाखवायचा, मग बाट म्हणून न फोडलेली पाच किलोची आट्याची पिशवी ठेवायची, मग आपण चढायचं. वजन कमी करायला निघालेल्या देशभरातल्या समस्त गलाई समाजाच्या घरात एकेक पाच किलोची पिशवी पूजेतल्या नारळासारखी न फोडता ठेवलेली. वीरधवल ह्याच्यावरही हसायचा. पण रविवारी तो चढायचा. बाकीच्या जगात, फेसबुकवर, रीलमध्ये, आधीचा फोटो नंतरचा फोटो, पोट आत ओढलेलं, सगळं खोटं. इथं निदान माणूस समोरच्याच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढत होता, आणि वाढलेलं असलं तरी समोरचा ते मोठ्यानं वाचत होता.

त्याच्या वाट्याला धनाजी आला. प्रत्यक्ष कधी भेट नाही. धनाजीचं गाव विट्याच्या पलीकडं, माणदेशाच्या बाजूला, बाप बिराप्पा मेंढरं राखणारा, काठीसारखा. "आमच्यात कोण जाड न्हाई गड्या," धनाजी पहिल्याच रविवारी म्हणाला होता, "मेंढरंबी वाळकी. मी एकटाच कुणाचं खाल्लं काय म्हाईत." तेराव्या वर्षी सेलमला गलाईवर गेला तो तिथंच मोठा झाला, आडवा झाला. वजन झालं की ते कॉल कापायचे नाहीत. दोघं आपापला कोरा चहा घेऊन बसायचे. बोलायचेही नाहीत कधी कधी. धनाजीच्या मागं तेजाबाचा पिवळा धूर खाल्लेली भिंत, वीरधवलच्या मागं तशीच भिंत. वीरधवलला आठवडाभर ह्या दहा मिनिटांची वाट बघायची सवय लागली होती, आणि त्या सवयीचा त्याला तिटकारा होता. पन्नाशीतल्या बायकांसारखं, ग्रुपातल्या माणसाची वाट बघायची.

आता दोन-तीन महिन्यांत धनाजी झरझर उतरला होता. ग्रुपला वेड लागलं होतं. स्वप्नाली वहिनींनी त्याचे दोन फोटो जोडून टाकले. 'शंभर नंबरी!' कुणीतरी लिहिलं, 'घट झाली, माल चोख झाला.' धंद्यातलीच भाषा. सोनं वितळलं की वजन कमी भरतं, त्याला घट म्हणतात. गिऱ्हाईक हळहळतं, तेव्हा गलाईवाला समजूत काढतो, आवं गेली ती घाण गेली, ऱ्हायलं ते चोख. ह्या एका वाक्यावर ह्या लोकांच्या तीन पिढ्या जेवल्या. हे वाक्य त्यांच्या हाडात बसलंय. कमी झालं म्हणजे शुद्ध झालं. माणूस कमी झाला तरी तेच. ह्यांना कुणी सांगावं की माणसात घाण वेगळी आणि माणूस वेगळा असं नसतं. वीरधवल गादीवर बसून पंजे बघत होता, टाळ्या, हार, फेटे, आणि त्याच्या डोळ्यांपुढं ते दोन खड्डे. मागच्या चार रविवारांत धनाजी कॉलवर सारखी पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. मधेच "आलो रं" म्हणून उठायचा, मोरीचा आवाज यायचा, परत यायचा, परत पाणी. हे वीरधवलनं बघितलं होतं. बघून ठेवून दिलं होतं. आपल्याला काय करायचंय. आपलं काम आकडा वाचायचं.

वीरधवलचे वडील अर्जुना नेल्लोरला होते. एका वर्षी गावी आले ते अर्धे होऊन. वेशीपासनं घरापर्यंत लोकांनी कौतुक केलं. "काय अर्जुना, तब्येत उतरवलीस, नवरदेव झालास की!" आई लाजली होती. वीरधवल तेव्हा सातवीत होता आणि त्याला बापाचा इतका अभिमान वाटला की मास्तरांनी बोलावलेलं नसताना तो बापाला शाळेत घेऊन गेला, नुसता दाखवायला. बापानं शाळेच्या नळाला तोंड लावलं ते पोरांची रांग लागली तरी निघेना. पोरं हसली. वीरधवलही हसला. पुढं मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर ओरडला, "एवढी साखर! इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" आई खाली बघत राहिली. काय करत होतो? कौतुक करत होतो. हार घालायच्या फोटोसाठीही चुलत्यानं त्याच वर्षीचा फोटो काढला. म्हणाला, ह्यात अर्जुना लय देखणा दिसतोय.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी, भट्टी थंड करून, वीरधवलनं धनाजीला फोन लावला. रविवार नसताना पहिल्यांदाच. "काय रं, आज कसा काय? सूर्य उगवला व्हय तिकडं?" धनाजी खुशीत होता. वीरधवलला गोड बोलता येत नव्हतं. सवयच नव्हती. तो म्हणाला, "धन्या, तू डॉक्टरकडं जा." "का रं?" "वाळलायस." धनाजी खदाखदा हसला. "मग कशाला चढतोय काट्यावर दर आयतवारी? वाळायलाच की!" "तसं न्हवं. पाणी किती पितोस? मुतायला किती येळा जातोस?" "आता माझं मूत मोजाय लागलास व्हय?" मग धनाजीचा आवाज जरा खाली आला. "ऐक गड्या. बिरोबाच्या जत्रंत आमच्यातली पोरं गजी नाचत्यात. पांढरा अंगरखा, घोळ फिरला पायजे, रुमाल उडला पायजे. मी ल्हानपणापास्नं काय करायचो, ठावं हाय? चपला राखायचो. समद्यांच्या. आप्पा म्हणायचं, तू नाचलास तर ढोलकरी कुठं हुबा ऱ्हाईल. लोक हसायचं. मीबी हसायचो. ह्या साली अंगरखा शिवून घेतलाय मी. आन तू म्हणतोस डॉक्टर." "तरी जा एकदा," वीरधवल म्हणाला. "का जळतोयस रं?" धनाजी अगदी मायेनं म्हणाला. "तुझंबी उतरंल. जरा भाकरी कमी कर."

जळतोयस. हेच. वीरधवलनं ग्रुपवर लिहिलं तेव्हाही हेच झालं. त्यानं शक्य तेवढं मऊ लिहिलं, 'धनाजी फार झपाट्याने उतरलाय, त्याने रक्त तपासून घ्यावं, सगळ्यांनी त्याला सांगा.' मिनिटात राजेश्वरी काकी जाग्या झाल्या. 'कारल्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.' त्यावर पंजे. कुणी लिहिलं, 'नजर लागू नये धनाजीदादा, मीठ-मोहरी उतरवा.' मग स्वप्नाली वहिनींचा फोन आला, आवाज अगदी बालवाडीच्या बाईचा. "भावजी, तुमचं वजन हलंना, त्याचा तरास होत असंल तर मोकळं बोला की. आपलंच घर हाय हे." "वहिनी, माझं वजन गेलं खड्ड्यात. त्याला साखर झाली असंल." "असं अभद्र कशाला बोलायचं? इथं लोक बळ घ्यायला येत्यात. एकजण मोठ्या मुश्किलीनं वर चढतोय, आन तुमी पाय वढताय." "वर न्हाई चढत त्यो वहिनी." "कळलं. तुमचा स्वभाव कळलाय समद्यांना," त्या म्हणाल्या, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवला.

स्वभाव. बरोबर आहे. वर्षभर ज्यानं प्रत्येक बदामावर थुंकलं, त्यानं आज म्हणायचं की माणूस मरतोय, आणि लोकांनी ऐकायचं. कशाला ऐकतील? वीरधवलला लोकांची किळस आली आणि पाठोपाठ स्वतःची, आणि ही दुसरी किळस जास्त ओळखीची निघाली. काय माणसं आहेत. पाच किलोची पिशवी ठेवतात, शून्य दाखवतात, आकडा मोठ्यानं वाचतात, आणि आकड्याच्या वर उभा असलेला माणूस बघत नाहीत. आणि तू? तू बघितलास. चार रविवार चहा पीत बघितलास. धनाजीच्या सेठला फोन करावा, तर नंबर नाही. त्याच्या बापाला गाठावं, तर बाप मेंढरं घेऊन कुठल्या शिवारात बसलाय कुणाला माहीत, आणि भेटला तरी काय सांगणार? आप्पा, तुमचा पोरगा तुमच्यासारखा दिसायला लागलाय?

दुसऱ्या दिवशी दुकानात मामा एका गिऱ्हाइकाशी हसत होता. लालासाहेब मामा. गिऱ्हाइकानं चिडून मामाला एक कचकचीत शिवी घातली होती, उशीर झाला म्हणून, आणि मामा हसून म्हणत होता, "घ्या, च्या घ्या." मामा तसाच. आईवरून बोला, बापावरून बोला, मामाच्या अंगाला लागत नाही. वीरधवलला एकदम दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. असाच एकजण, शिवी नाही, काही नाही, शांतपणे म्हणाला होता, "लालासाहेब, तुमचा काटा खोटा बोलतोय." मामा जेवत होता. घास ताटात पडला. मामा उष्ट्या हातानं उठला, चप्पल न घालता, गिऱ्हाइकाच्या दंडाला धरून, माल मुठीत घेऊन, भर दुपारी मोती चौकातनं चालत गेला. धंद्याची रीतच आहे ती. दोघांत वजनाचा वाद झाला की तिसऱ्याच्या काट्यावर जायचं. असा तिसरा, ज्याचं दोघांशी काही देणंघेणं नाही. त्याच्या काट्यावर जे येईल ते दोघांनी मानायचं. आणि गलाईवाल्याला काटा खोटा म्हटलं की तो तिसऱ्याकडं गेल्याशिवाय पाणी पीत नाही. ताप असू दे, लग्न असू दे, तो जातो.

वीरधवल उठून मागं गेला. भट्टीच्या खोलीत पंखा घरघरत होता. त्यानं फोन हातात घेतला आणि त्याला जाणवलं की आता जे लिहायचंय ते त्याला सहज येतं. मऊ लिहायला काल तासभर लागला होता. हे एका दमात आलं. 'सगळ्यांनी वाचा. धनाजीचा काटा खोटा आहे. पिशवीत पीठ पाच किलो नाही, फोडून परत चिकटवली आहे, मी शिवण बघितली. मी समोर होतो, मी इतके दिवस गप्प बसलो. तो एक किलोही उतरलेला नाही. हिंमत असेल तर तिसऱ्याच्या काट्यावर चढ. दवाखान्यातल्या. डॉक्टरच्या समोर, डॉक्टरच्या सहीनं. दुकानातला काटा मी मानत नाही, मित्राचा मानत नाही. सही आणलीस तर मी भर ग्रुपात नाक घासतो. नाही आणलीस तर तू चोर.' चोर हा शब्द लिहून तो थांबला. खोडला. परत लिहिला. मग पाठवून दिलं. पिशवी न फोडलेली होती. धनाजी ती पिशवी पडद्याच्या जवळ आणून सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचा, दर वेळी, कुणी मागितलं नसताना.

आणि मग पेटलं. इतका जिवंत ग्रुप त्यानं कधी बघितला नव्हता. बदाम नाहीत, सूर्य नाही, नुसती माणसं. ज्या माणसानं वर्षात एक शब्द लिहिला नव्हता तो कोइमतूरवरनं उठला आणि म्हणाला, 'काट्यावर बोलायचं काम नाही.' राजेश्वरी काकींनी बोलून पाठवलं, श्वास लागलेला, "आरं मेल्या, काटा म्हंजी आईचं दूध असतंय रं आपल्याला, त्याच्यावर बोट दावतोस?" वीरधवलनं ऐकलं आणि पहिल्यांदा त्याला काकींचा आवाज खरा वाटला. धनाजीचं काहीच येत नव्हतं. नावाखाली 'टाइप करत आहे' यायचं, जायचं, यायचं, जायचं. शेवटी एवढंच आलं, 'जातो.' त्यावर फेटे. त्यावर तलवारी. 'जा वाघा', 'तोंडावर मार त्याच्या सही'. कुणी एकानंही विचारलं नाही की वजनाला दवाखाना कशाला. काट्याच्या पुढं ह्यांना काही दिसतच नाही, वीरधवलला वाटलं, आणि ह्या वेळी त्या आंधळेपणावर त्यानं आपलं सगळं ओझं टाकलं होतं. जरा वेळानं पडद्यावर करडी ओळ आली. स्वप्नाली वहिनींनी त्याला काढलं होतं. ग्रुप दिसत होता, पण लिहायची जागा गेली होती. त्यानं दोन-तीन वेळा तिथं बोट लावून बघितलं.

मामानं हाक मारली. त्यानं काहीतरी काम केलं. मूस उचलली, ठेवली. दुपारी डबा उघडला, चटणी-भाकरी होती, ती खाल्ली, आणि मग मामाच्या डब्यातलीही खाल्ली, आणि आज ते कुणाला सांगायचं नव्हतं. गेला असेल का? सेलमात दवाखाना कुठं, रांग असते का, डॉक्टर नुसतं वजन करून सही देऊन हाकलेल का? सरकारी असला तर हाकलेल. खासगीतला सोडणार नाही. पहिल्यांदाच वीरधवलनं देवाकडं मागितलं की समोर जरा लोभी डॉक्टर असू दे.

चारच्या सुमाराला फोन वाजला. ग्रुप नाही, धनाजी स्वतः. आधी फोटो. मोठा पांढरा काटा, त्याच्यावर धनाजीचे अनवाणी पाय, बाजूला एका नर्सची साडी, आणि आकडा. रविवारचाच आकडा. जरासा कमीच. मग आवाज आला, आणि मागं दवाखान्याचा कालवा. "बघ. बघितलंस? डोळं फोडून बघ. मशीन सरकारी हाय. माझा काटा खरा हाय का न्हाई? मी कधी कुणाचं गुंजभर खाल्लं न्हाई आन तू मला चोर म्हणतोस? भर लोकांत? आरं तुझ्यासंगं चहा प्यालो रं मी. पिशवी फिरवून फिरवून दावली तुला. तुझ्या तोंडात शेण पडंल तुझ्या. आप्पाला कळलं तर मेंढरं सोडून येईल त्यो साताऱ्याला, तुला हुबा चिरंल. सही मागितली डॉक्टरला, म्हणलं नुसती सही द्या सायेब, तर त्यो म्हणतोय बस, बोट पुढं कर, कवापास्नं एवढं पाणी पितोयस. मी म्हणलं त्ये ऱ्हाऊ द्या, सही द्या. देईना झालाय. थांब, सही घेतल्याबिगर हालत न्हाई मी इथनं. आन मग गावाकडं आल्यावर तुझी..." इथं मागं एक बाई तमिळमध्ये आत बोलवत ओरडली, "तनाजी! तनाजी, उळ्ळे वांगा!" धनाजी म्हणाला, "आलो, आलो बाई," आणि आवाज तुटला.

वीरधवलनं लिहिलं, 'आत जा.' एकच टिक आली. ब्लॉक केलं असेल, नाहीतर फोन बंद करून आत गेला असेल. दुसरी टिक येईना. मामानं बाहेरनं विचारलं, "कोण रं एवढं वराडतंय?" "कोण न्हाई," वीरधवल म्हणाला. त्यानं पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल, आणि शिव्या पहिल्यापासून परत लावल्या. शिव्यांच्या मागं, लांब, ती बाई बोलवत होती.